तळलेलं बंद, एअर फ्रायर सुरू! मग नाश्ता 'हेल्दी' झाला का?

"डॉक्टर, तळलेलं पूर्ण बंद केलंय हं. आता सगळं एअर फ्रायरमध्येच करते."

गेल्या काही महिन्यांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की पेशंटने "एअर" म्हटलं की पुढचं मीच मनात पूर्ण करते. पण एका काकूंनी हे वाक्य म्हटलं, तेव्हा मला खुर्ची पुढे ओढून नीट बसावं लागलं. आजचा लेख त्यांच्यामुळेच लिहिते आहे.

काकू अडुसष्ट वर्षांच्या, घरी एकट्या. हृदयाचं पंपिंग कमी असल्यामुळे गेली तीन वर्षं गोळ्यांवर आहेत. पथ्य पाळण्यात अगदी काटेकोर. लोणचं नाही, पापड नाही, फरसाण नाही, भाजीत मीठ निम्मं. एरवी तीन महिन्यांनी येतात, त्या दिवशी मधेच आल्या. पायांवर सूज, रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप नाही, जिना चढताना धाप. वजन दहा-बारा दिवसांत तीन किलोने वाढलेलं. हृदयाच्या पेशंटचं वजन असं भराभर वाढतं तेव्हा ती चरबी नसते, अंगात साठलेलं पाणी असतं. आणि पाणी साठण्यामागे बहुतेक वेळा दोन गोष्टी असतात, चुकलेली गोळी किंवा वाढलेलं मीठ. गोळी एकही चुकलेली नव्हती.

मीठ कुठून आलं हे शोधायला आम्हाला दहा मिनिटं लागली. अमेरिकेतल्या मुलाने आईला एअर फ्रायर ऑनलाइन पाठवला होता. आईला सकाळी ओट्याशी उभं राहायचा त्रास नको, म्हणून तिकडूनच दर आठवड्याला फ्रोझन पराठे, व्हेज नगेट्स, चीज कटलेट असं काही ना काही मागवून तो तिचा फ्रीजर भरून ठेवत होता. प्रेमापोटीच. काकू रोज सकाळी दोन पराठे आणि संध्याकाळी चार-पाच नगेट्स गरम करून खात होत्या, सोबत थोडा केचप. वरून तेलाचा थेंब नाही. त्यांच्या दृष्टीने त्या पूर्वीपेक्षा जास्त कडक पथ्य पाळत होत्या.

मी त्यांना घरी गेल्यावर पॅकेटच्या मागच्या बाजूचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगितलं. त्या चकित झाल्या. "मागे काय असतं?"

मागे काय असतं?

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. एअर फ्रायर 'तळत' नाही. नावात फ्रायर असला तरी तो छोटा, जोरदार पंख्याचा ओव्हन आहे. २०१० च्या सुमारास फिलिप्सने तो बाजारात आणला तेव्हा हे नाव चिकटलं, आणि ते नाव ठेवणाऱ्याला विक्रीतलं चांगलं कळत असणार. वर तापणारी कॉइल असते, तिच्यामागे पंखा. १८० ते २०० अंश सेल्सिअसची गरम हवा पदार्थाभोवती वेगाने फिरते, पृष्ठभागावरचं पाणी उडून जातं आणि वरचा थर कुरकुरीत होतो. मायक्रोवेव्हमध्ये वडा मऊ, ओलसर होतो आणि यात खुसखुशीत होतो, त्याचं कारण एवढंच.

म्हणजे हे यंत्र काय करतं? तुम्ही घरी जे तेल घालणार होता, ते वाचवतं. कारखान्यात जे आधीच घातलं गेलं आहे, त्याला ते हातही लावू शकत नाही.

आणि फ्रोझन नाश्त्याचं बरंचसं काम कारखान्यातच उरकलेलं असतं. फ्रेंच फ्राइज, बटाट्याच्या स्माइली, नगेट्स, कटलेट हे बहुतेक पदार्थ तेलात हलके तळून मगच गोठवलेले असतात. घरी तेलाशिवाय केले तरी ते इतके छान खुसखुशीत होतात, त्यामागे हेच तेल असतं. पराठ्याचे पदर सुटतात तेही पिठात घातलेल्या तेलामुळे. घटक पदार्थांची यादी वाचा. तिच्यात जो पदार्थ सगळ्यात जास्त तो आधी, असा क्रम असतो. पराठ्याच्या पॅकेटवर पहिलं नाव मैद्याचं आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर तेल असेल, तर तुमच्या घरी तव्यावर तेल सोडलं की नाही याने फारसा फरक पडत नाही.

आता हिशेब. आकडे कंपनीगणिक वेगळे असतात, म्हणून ते पाठ करू नका, रीत लक्षात ठेवा. समजा, पॅकेटवर १०० ग्रॅममागे १२ ग्रॅम फॅट आणि ५०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय आणि एक पराठा ८० ग्रॅमचा आहे. म्हणजे एका पराठ्यात साडेनऊ ग्रॅमच्या वर फॅट, साधारण दोन चहाचे चमचे तेल. एअर फ्रायरमुळे तुम्ही वाचवलंत ते अर्धा-एक चमचा. सोडियम एका पराठ्यात ४०० मिलिग्रॅम, दोन पराठ्यांत ८००. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. ८०० गुणिले अडीच, म्हणजे २००० मिलिग्रॅम. दोन ग्रॅम मीठ, फक्त नाश्त्यात, तेही केचप आणि लोणच्याशिवाय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार निरोगी माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. काकूंचं हृदय तर निरोगी माणसाचं नाही. त्या भाजीतलं चिमूटभर मीठ वाचवत होत्या आणि पॅकेटमधून चमच्याने खात होत्या. आणि हे जिभेला कळत नाही, हीच पंचाईत आहे. लोणचं खारट लागतं म्हणून आपण जपून खातो. पराठा काही खारट लागत नाही.

सगळा दोष मी त्या पराठ्यांना देणार नाही. असा त्रास वाढायला अनेक कारणं एकत्र येतात. मी काकूंची लघवी वाढवणारी गोळी काही दिवस वाढवली, ईसीजी आणि रक्ततपासण्या केल्या, आणि फ्रीजर रिकामा करायला सांगितलं. पंधरा दिवसांत सूज ओसरली. पण तेव्हापासून हृदयाच्या, बीपीच्या आणि किडनीच्या प्रत्येक पेशंटला मी "लोणचं-पापड खाता का?" याच्याबरोबरीने "फ्रीजरमध्ये काय असतं?" हेही विचारू लागले आहे.

तेल नाही, मग शुगर का वाढली?

मधुमेहाच्या पेशंटची गडबड वेगळी असते. "नो ऑइल" ऐकलं की त्यांना वाटतं, आता शुगरचीही काळजी मिटली. तेलाचा आणि रक्तातल्या साखरेचा असा सरळ संबंध नाही. साखर वाढवतो तो मैदा, बटाटा, ब्रेड, साबुदाणा. यातलं काहीही एअर फ्रायरमध्ये कमी होत नाही. उलट फॅटमुळे पोट जरा सावकाश रिकामं होतं, म्हणून तेल काढून टाकलेला बटाटा साखर किंचित जास्त वेगानेही वाढवू शकतो. याचा अर्थ तळून खा असा नाही! बटाटा हा बटाटाच राहतो, एवढंच म्हणायचंय.

आणि मग माणसाचा स्वभाव. भजी खाताना आपण चौथ्या भजीला थांबतो, कारण मनात कुठेतरी अपराधी वाटत असतं. एअर फ्रायरमधून बशी बाहेर आली की तो ब्रेकच सुटतो. "तेल नाहीये ना, घे अजून दोन." माझे एक पेशंट बारा स्माइली खाऊन आले होते आणि मला अभिमानाने सांगत होते.

बाहेरून खरपूस, आतून गार

आता ज्या गोष्टीबद्दल फारसं कुणी विचारत नाही, पण विचारायला हवं, ती. गोठवल्याने जंतू मरत नाहीत. ते फक्त झोपतात. पदार्थ वितळला की जागे होतात.

हे काही उगाच घाबरवायला सांगत नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये सारण भरलेल्या, वरून ब्रेडचा थर दिलेल्या फ्रोझन चिकनमुळे साल्मोनेलाची साथ आली. ते चिकन बाहेरून शिजवल्यासारखं तांबूस दिसत होतं, आतून मात्र कच्चं होतं. आजारी पडलेल्यांपैकी काहींनी ते मायक्रोवेव्हमध्ये किंवा एअर फ्रायरमध्ये केलं होतं. युरोपात २०१८ मध्ये फ्रोझन मक्याच्या दाण्यांतून लिस्टेरियाचा संसर्ग पसरल्याचं उघड झालं. त्यात पाच देशांतले ४७ जण आजारी पडले आणि नऊ जणांचा मृत्यू झाला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत आणि कॅनडात याच जंतूच्या शंकेवरून फ्रोझन वॉफल बाजारातून परत मागवावे लागले. लिस्टेरिया फ्रिजच्या थंडीतही वाढू शकतो. गरोदर बायका, सत्तरीच्या आसपासची माणसं, केमोथेरपी किंवा स्टेरॉइड चालू असलेले पेशंट यांच्यासाठी तो खरोखर धोकादायक आहे. तुमच्या घरात यांपैकी कुणी असेल, तर हा भाग पुन्हा वाचा.

एअर फ्रायरची खोड अशी, की तो वरचा थर फार पटकन लाल करतो. २०० अंशांवर सहा-सात मिनिटांत समोसा इतका सुंदर दिसतो की आपण फसतो. फोडला तर मधला बटाटा थंडगार. म्हणून जाड, सारण भरलेल्या पदार्थांसाठी आधी १६० अंशांवर जरा जास्त वेळ द्या आणि शेवटची दोन-तीन मिनिटं तापमान वाढवा. बास्केटमध्ये एकच थर लावा. पदार्थ एकमेकांवर रचले की हवा फिरत नाही, आणि हवा फिरली नाही तर त्या यंत्राचा उपयोगच नाही. मधेच उलटवा. एक तुकडा मधून फोडून बघा, आतून वाफ यायला हवी. चिकन असेल, तर स्वयंपाकाचा थर्मामीटर आत खुपसून मधलं तापमान ७५ अंशांपर्यंत गेलंय का ते बघाच, वाफेवर विसंबू नका. पॅकेटवर "शिजवून खा" असं लिहिलेलं असेल, तर तो पदार्थ कच्चा आहे असंच धरून चाला, रंग काहीही असो.

ओट्यावर रात्रभर काढून ठेवून पदार्थ वितळवायची सवय अनेक घरांत आहे. कृपा करून मोडा. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये ओट्यावरचं तापमान म्हणजे जंतूंना पाळणाघर. बहुतेक पॅकेटबंद नाश्ता गोठलेला असतानाच थेट एअर फ्रायरमध्ये घालता येतो, तसं पॅकेटवर लिहिलेलंच असतं. वितळवायचाच असेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. एकदा वितळलेला पदार्थ पुन्हा गोठवू नका. दुकानातून घेताना पॅकेट हाताने चाचपून बघा. आतले तुकडे एकमेकांना चिकटून गोळा झाला असेल किंवा आत बर्फाचे मोठे खडे असतील, तर वाटेत कुठेतरी तो माल वितळून पुन्हा गोठलेला असू शकतो. परत ठेवा. वीज गेली तर फ्रीजर उघडून पाहत बसू नका. गच्च भरलेला, बंद ठेवलेला मोठा फ्रीजर साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. पण हे मोठ्या फ्रीजरचं झालं. घरच्या फ्रिजमधल्या वरच्या छोट्या कप्प्याचा एवढा भरवसा धरू नका.

मुलांच्या डब्याबद्दल आया विचारतात. सकाळी सातला गरम केलेले चिकन किंवा पनीरचे नगेट्स साडेदहापर्यंत कोमट डब्यात बसतात. कोमट हेच जंतूंचं आवडतं तापमान. डब्याला पोळी-भाजी किंवा सुकं थालीपीठ द्या, नगेट्स घरी गरम गरम खाऊ देत, आणि तेही कधीतरी.

कॅन्सरच्या भीतीबद्दलही दोन शब्द, कारण तो फॉरवर्ड फिरतच असतो. बटाटा किंवा पिठाचे पदार्थ १२० अंशांच्या वर तापले, की त्यात अ‍ॅक्रिलामाइड नावाचं रसायन तयार होतं. स्वीडिश शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये ते अन्नात दाखवून दिलं. प्राण्यांमध्ये त्याने कॅन्सर होतो. माणसांमध्ये, जेवणातून पोटात जातं तेवढ्या प्रमाणात होतो का, हे सिद्ध झालेलं नाही. ते एअर फ्रायरमध्ये होतं तसं तव्यावर, कढईत आणि टोस्टरमध्येही होतं. सोनेरी रंगावर थांबा, काळपट करू नका, जळलेल्या कडा काढून टाका. यापलीकडे यावर झोप उडवू नका. तुमच्या वाढलेल्या बीपीची काळजी करा, ती जास्त गरजेची आहे. बास्केट मात्र तारेच्या काथ्याने घासू नका, तिचा लेप निघतो.

मग यंत्र विकून टाकू का?

अजिबात नाही. माझ्या घरी आहे आणि मी वापरते. मला चीड यंत्राची नाही, फ्रोझन पदार्थांचीही नाही. फ्रोझन मटार उत्तम असतात. सकाळी सहाला डबे भरून लोकल पकडणाऱ्या बाईला "सगळं ताजं करा" असं सांगणाऱ्या डॉक्टरने आधी आठवडाभर ते स्वतः करून बघावं. घरातली बाई फ्रोझन आणते म्हणून तिला टोमणे मारणारेही खूप आहेत, त्यांच्यात मला भर घालायची नाही. माझं म्हणणं इतकंच, की फ्रीजरमध्ये काय जातं ते शक्य तेवढं आपल्या हातात असावं.

कोथिंबीर वडीचं उदाहरण घ्या. एअर फ्रायर जणू तिच्यासाठीच बनलाय. रविवारी रोळ्या वाफवून घ्या, गार झाल्यावर वड्या कापा, ताटात सुट्ट्या पसरून गोठवा आणि मग पिशवीत भरा. मिठाचं माप तुमच्या हातात, बेसनामुळे मैद्यापेक्षा प्रथिनं जास्त, आणि आठ-दहा वड्यांना ब्रशने एक चमचा तेल पुरतं. अळूवडीचंही तसंच. मेथीचं थालीपीठ अर्धवट भाजून गोठवता येतं. फक्त शिजवलेला पदार्थ दोन तासांच्या आत फ्रीजरमध्ये गेला पाहिजे. दिवसभर ओट्यावर राहून उरलेला माल वाया जाऊ नये म्हणून रात्री गोठवणं ही बचत नव्हे. काही जंतूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

इडली-ढोकळा यात घालू नका, पुठ्ठा होतो, ते वाफेवरच गरम करा. आणि ओल्या पिठातली कांदाभजी यात होत नाही. पीठ जाळीतून खाली ओघळतं. मी पहिल्या पावसात प्रयत्न केला होता, जाळी साफ करायला अर्धा तास गेला.

विकतचं फ्रोझन लागणारच असेल, तर दोन पॅकेटं हातात घेऊन १०० ग्रॅममागचं सोडियम ताडून बघा आणि कमी आकड्याचं घ्या. दोनाऐवजी एकच पराठा, सोबत वाटीभर दही किंवा एक अंडं, काकडी-टोमॅटो. केचप नको. निरोगी तरुण माणसाने आठवड्यात एखाद्या वेळी खाल्लं तर बिघडत नाही. हृदय, किडनी किंवा बीपीचा आजार असेल तर आधी विचारा. किडनीच्या पेशंटने तर कमी सोडियमचं मीठही स्वतःच्या मनाने सुरू करू नये, त्यात पोटॅशियम असतं.

काकूंच्या मुलाशी मी नंतर व्हिडिओ कॉलवर बोलले. त्याला फार वाईट वाटत होतं. मी म्हटलं, मागवणं बंद करू नकोस, फक्त यादी बदल. आता तो आईला फ्रोझन मटार, पनीर आणि फळं पाठवतो, आणि शेजारच्या पोळीवाल्या मावशी दर रविवारी काकूंना कमी मिठाच्या कोथिंबीर वड्यांच्या रोळ्या वाफवून देतात. एअर फ्रायर रोज चालू असतो. वजनाची वहीही.

तुम्ही पुढच्या तपासणीला याल, तेव्हा फाइल आणि गोळ्यांबरोबर फ्रीजरमधल्या पॅकेटच्या मागच्या बाजूचाही एक फोटो मोबाइलमध्ये काढून आणा. हिशेब आपण बरोबर बसून करू.